क्रेन चारला लाल पाटी

४ मार्च

धाकट्या,

पाकीट फोडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. फोन तू उचलत नाहीस, आणि तुझी बायको उचलते तेव्हा तू शेजारी बसून 'नाही आहे म्हणून सांग' असे हातवारे करतोस, हे मला तिच्या आवाजावरून कळतं. म्हणून कागद. कागदाला नाही म्हणता येत नाही, फार तर फाडता येतो.

आधीच सांगते, माफी मागायला लिहीत नाहीये. तीन वर्षांपूर्वी तुला क्रेनवरून उतरवलं ते बरोबर होतं. आता हे वाचून पत्र बाजूला टाकणार असशील तर जरा थांब. काम माझं नाही, घारचं आहे.

ज्याला तू हाताला धरून क्रेन शिकवलीस, नजर तिखट म्हणून ज्याला तूच हे नाव ठेवलंस, तो घार हल्ली तुझ्याच क्रेन चारवर बसतो. जहाजावरून कंटेनर उचलायचा, धक्क्यावरच्या ट्रेलरवर ठेवायचा, पुन्हा वळायचं. काम तेच आहे, माणूस बदललाय. दुपारी तो जेवायला खाली उतरत नाही. डबा वर नेतो आणि संध्याकाळी तसाच भरलेला घरी नेतो; पिशवी खांद्यावर कशी लोंबते यावरून मला कळतं. कसं चाललंय विचारलं तर 'झकास' म्हणतो. पूर्वी तो कधी झकास म्हणत नसे. पूर्वी कुरकुर करायचा, आणि मला कुरकुर करणारी माणसंच सुरक्षित वाटतात.

माझं म्हणशील तर घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. हेल्मेट, दोर, आकडे, अग्निशामक नळकांडी एवढ्यानं भागत नव्हतं म्हणून की काय, मुख्य कचेरीतून हुकूम आलाय. कामामुळे माणसांच्या मनाला जे धोके होतात तेही यापुढे सुरक्षा विभागानं शोधायचे, नोंदवायचे आणि कमी करायचे. सुरक्षा विभाग म्हणजे मी आणि एक पंखा. साहेबांनी फाईल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही बाई आहात, तुम्हाला हे छान जमेल." मी म्हटलं, "तुम्ही माणूस आहात साहेब, तुम्हालाही जमायला हरकत नाही." ते हसले नाहीत.

मग मी मला येतं ते केलं. फाटकापाशी 'अपघाताविना दिवस' असा आपला फलक आहे ना, ज्यावरचा आकडा पहारेकरी रोज सकाळी बदलतो? त्याच्या शेजारी दुसरा लावला: 'ताणाच्या तक्रारीविना दिवस'. ज्या पाळीचा आकडा मोठा, त्या पाळीला स्टीलच्या बाटल्या बक्षीस. हेल्मेटच्या बाबतीत ही युक्ती चालली होती. इथेही चालली म्हणायची. एकही तक्रार नाही. साहेब खूश आहेत, पण मी नाही. जिथे ओरखडासुद्धा नोंदला जात नाही तिथे माणसं जखमा लपवतात, हे मला कोणी शिकवायला नको.

तू घारला एक फोन कर. तुझ्याशी तो बोलेल. बस, एवढंच.

तुझी,
ताई


१८ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही. घारला फोनही नाही, मी आडून चौकशी केली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पण हा पीळ आपल्याला दोघांनाही एकाच घरातून मिळालाय, तेव्हा मी पुन्हा लिहिते.

साहेबांनी गेल्या आठवड्यात एक समुपदेशक बाई आणल्या. गोड बोलणाऱ्या, मऊ साडीतल्या, बिचाऱ्या मनापासून आलेल्या. कँटीनमधली टेबलं बाजूला सारून सगळ्यांना खाली बसवलं, डोळे मिटायला लावले. "खोल श्वास घ्या. आता सोडा." क्रेन दोनवरचा तोफखाना तुला आठवत असेल, ज्याचा आवाज जहाजाच्या पलीकडे जातो. तो म्हणाला, "सोडतो बाई, पण मग कंटेनर कोण धरणार?" सगळे हसले. बाईही हसल्या. घार हसला नाही. तो डोळे मिटून बसला होता आणि त्याचा उजवा हात मांडीवर, क्रेनचा दांडा धरल्यासारखा, हळूच पुढेमागे होत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला कचेरीत बोलावलं. दार लावलं, चहा मागवला, फाईलमधले प्रश्न समोर ठेवले.

"झोप लागते?"

"झकास."

"भूक?"

"झकास."

"कामाचा काही जाच?"

"ताई, त्या बाटल्या आमच्याच पाळीला मिळणार ना?"

चहा पिऊन उठला. दारापाशी जाऊन थांबला, कडीवर हात ठेवून म्हणाला, "राग मानू नका. पण तुम्हाला सांगितलं की माणूस खाली येतो, ताई. दादाचं सगळ्यांनी बघितलंय."

दादा म्हणजे तू.

म्हणजे सगळ्या गोदीला ठाऊक आहे तर. मला वाटत होतं ते आपल्या घरच्या टेबलापुरतंच राहिलंय. ताटात मान घालून तू म्हणाला होतास, "ताई, हल्ली वर बसलं की दार उघडून बाहेर पाऊल टाकावंसं वाटतं." सांगितलंस बहिणीला, ऐकलं अधिकाऱ्यानं. दुसऱ्या दिवशी मी तुझं क्रेनचं कार्ड काढून घेतलं आणि तुला डॉक्टरांकडे नेलं. तू बरा होऊन आलास तेव्हा साहेब म्हणाले, पुन्हा वर नको, उगाच जोखीम. मी म्हटलं, बरं. तुला गोदामात पावत्या फाडायला बसवलं. थोड्याच दिवसांत तू राजीनामा दिलास आणि त्या लांबच्या गावात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलंस.

तू जिवंत आहेस, पंक्चर काढतोस आणि माझ्यावर रागावतोस. मला हा सौदा मान्य आहे. रागवायलाही माणूस जिवंत असावा लागतो.

पण आता अडचण अशी झालीय की मला कोणी काही सांगतच नाही. आणि न सांगणारा माणूस रोज सकाळी जिना चढून एवढ्या उंचीवर एकटा जाऊन बसतो. एक आठवून सांग. त्या दिवशी तुला बोलायला कशानं बळ आलं? मी काय विचारलं होतं? मला वाटतं काहीच नाही, मी तुला भात वाढत होते.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

काल जे झालं ते वाईट झालं असतं. झालं नाही, म्हणून लिहिता येतंय.

तूच नव्या पोरांना घोकून घ्यायचास: क्रेनवाल्यानं फक्त आपल्या सिग्नलवाल्याचा हात बघायचा, साहेब खाली नाचले तरी तिकडे बघायचं नाही. अपवाद एकच. थांबायचा हात कोणीही केला तरी थांबायचं, मग तो झाडूवाला असेना का. काल ट्रेलर नीट उभा नव्हता, चालक आतच होता आणि कंटेनर खाली येत होता. सिग्नलवाल्यानं थांबायचा हात केला. मग नोंदणी कारकुनानं केला. ट्रेलरवाल्यानं बाहेर उडी टाकून केला. चहावाल्यानं किटलीसकट केला. कंटेनर येतच राहिला. ट्रेलरच्या केबिनच्या टपाला टेकला, टप आत गेला, तेव्हा कुठे थांबला.

कोणाला खरचटलंही नाही. ट्रेलरवाला धक्क्यावर बसून उगीचच बूट काढत होता आणि घालत होता.

घारला खाली आणून विचारलं. तो खोटं बोलला नाही. म्हणाला, "दिसत होते ताई. सगळे हात दिसत होते. ते मला काहीतरी सांगताहेत हे कळायलाच वेळ लागला."

संध्याकाळी साहेबांनी हुकूम टाईप करून आणला. घारला क्रेनवरून कायमचं उतरवायचं, गोदामात पाठवायचं. मजकूर तुझ्या वेळचाच आहे, नाव तेवढं बदललंय. म्हणाले, "मॅडम, घरच्या माणसाला लावलात तो नियम बाहेरच्याला लावायला काय हरकत आहे?" सही पुढच्या शुक्रवारपर्यंत हवीय. आणि तोवर? तोवर त्यालाच वर बसवायचं, कारण जहाज उभं आहे आणि बदलीचे क्रेनवाले आजारी रजेवर आहेत. कशानं आजारी, ते कोणी विचारत नाही. मी भांडून त्याला दोन दिवस सुट्टी मिळवून दिली. त्यापुढे जमलं नाही. सुट्टी संपली की मी सिग्नलवाल्याशेजारी उभी राहणार आहे, मान वर करून. मी तिथे उभी राहून काय होणार, विचारू नकोस.

आज घारची बायको आली होती. खुर्चीत बसलीच नाही. म्हणाली, "जेवतानासुद्धा त्यांचा उजवा हात हलत असतो. पुढे, मागे, पुढे, मागे. मी धरला तर म्हणतात, सोड, मागे पडेन." मग म्हणाली, "ताई, त्यांना खाली उतरवू नका. तेवढं एकच आहे त्यांच्याकडे. आणि वरही ठेवू नका." दोन्ही एकाच दमात म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली, जणू दोन्ही करायची सोय माझ्या टेबलाच्या खणात आहे.

सही केली तर घार कदाचित तुझ्यासारखा वाचेल. पण त्याच्यानंतरचे सगळे आणखी हुशारीनं लपवतील. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारा हात माझा. सही नाही केली आणि काही झालं, तर मग मला कोणालाच पत्र लिहिता येणार नाही.

मला सल्ला हवाय, धाकट्या. मागायची सवय नाही, म्हणून नीट मागता येत नाहीये.

ताई


१२ एप्रिल

धाकट्या,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'ताई, तू कधी वर गेली आहेस का?' खाली सहीसुद्धा नाही. तीन वर्षांनी एक ओळ, आणि तीही टोमणा!

मी ते कार्ड टेबलावर पालथं घातलं. मग सुलटं केलं. मग सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशी तुला शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. मग कार्ड खणात टाकलं.

गेले नव्हते. तुला माहीतच आहे. जिन्याची, शिडीची, कठड्याची तपासणी दर वर्षी माझ्या सहीनं होते आणि वर चढतो दुरुस्ती विभागाचा मदतनीस. मला उंचीनं गरगरतं. लहानपणी गच्चीवरचे कपडे काढायलासुद्धा मी तुलाच पिटाळायचे.

काल सकाळी पट्टा बांधला आणि चढले. तोफखान्यानं क्रेन दोनवर चढता चढता आरोळी ठोकली, "ताई निघाल्या! जाताय तर आमचाही अर्ज द्या वर!" जिना संपेपर्यंत ठीक होतं. शेवटच्या उभ्या शिडीवर मी आठवले तेवढे देव आठवले, आणि जे आठवले नाहीत त्यांची माफी मागितली.

घार दचकला. "ताई? खाली काय झालं?"

"काही नाही. बसायला आले."

"बसायला जागा नाही."

"मग उभी राहते." आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले, कारण दुसरी जागाच नाही. तू मला कधी सांगितलं नाहीस की ती केबिन आपल्या न्हाणीघराएवढी आहे.

आणि हेही सांगितलं नाहीस की पायाखाली काच आहे आणि मान दिवसभर खाली वाकवूनच ठेवावी लागते. लघवीला बाटली आहे. (हे पत्रात लिहू नये, पण आता मी ते फाईलमध्येही लिहिलंय.) समोर तो संगणकाचा पडदा. चारही क्रेनची नावं, कोणी किती कंटेनर उतरवले, आणि सगळ्यात मागे जो असेल त्याचं नाव लाल. हा पडदा तुझ्याच काळात बसला. तेव्हा मी त्याची वायर नीट बांधलीय का एवढं बघून सही केली होती.

आणि तो आवाज. कंट्रोल रूममधल्या सुपरवायझरला सगळे 'लवकरे' का म्हणतात ते मला खालून कधी नीट कळलं नव्हतं. तिथे कानाशीच ऐकलं. "चार, झोपलास का? चार, दोन तुझ्या पुढे गेला. चार, लग्नाला आलायस काय, उचल लवकर." श्वास घ्यायलाही थांबत नाही. मी थोडाच वेळ उभी होते तर मला घार सोडून जगातल्या सगळ्यांवर ओरडावंसं वाटायला लागलं. तो त्यात वर्षानुवर्षं बसलाय. जेवायला उतरला की नाव लाल होतं. म्हणून डबा भरलेला.

वर गेल्यावर एक कळलं. तिथे दोन माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, दोघंही खाली बघतात. त्यामुळे बोलणं सोपं जात असावं. मी काही विचारलं नाही. दोन कंटेनर उतरवून झाल्यावर घारच बोलला. "पूर्वी मी किती उतरवले ते मोजायचो, ताई. आता किती राहिले ते मोजतो. ते संपतच नाहीत. जहाज जातं, दुसरं येतं. मग वाटतं, दार उघडावं आणि जरा बाहेर जावं."

तेच वाक्य, धाकट्या. जवळजवळ शब्दाला शब्द.

मी विचारलं, "आत्ता वाटतंय?"

"आत्ता नाही. आत्ता दारात तुम्ही उभ्या आहात."

मी हललेच नाही. म्हटलं, "हा हातातला कंटेनर ठेव. मग दोघं उतरू."

"म्हणजे संपलं माझं."

"संपलं नाही. डॉक्टरांकडे जायचं, औषध घ्यायचं, झोपायचं. डॉक्टर हो म्हणाले की परत वर. खुर्ची तुझीच राहील."

"दादालाही असंच सांगितलं होतं?"

"नाही," मी म्हटलं. "त्याला असं सांगितलं नव्हतं."

त्यानं कंटेनर ठेवला, इतका अलगद की खाली आवाजही झाला नसेल. लवकरे कानात ओरडत होता. घारनं बटण बंद केलं. त्यानंतर जी शांतता झाली तिच्यात मला समुद्र ऐकू आला, इतकी वर्षं या गोदीत काम करून पहिल्यांदा.

उतरताना मला शिडीवर पाऊलच टाकता येईना. घार माझ्याखाली राहिला आणि माझी टाच हातानं धरून एकेका पायरीवर ठेवत गेला. "हा आला. आता दुसरा. खाली बघू नका ताई, समोर लोखंडाकडे बघा." असं त्यानं मला खाली आणलं.

खाली साहेब उभे होते, हातात हुकूम आणि पेन. "झाली खात्री? करा सही."

माझ्या पिशवीत कायम एक लाल पाटी असते, तुला माहीत आहे: 'धोका. वापर बंद.' मी ती काढली आणि क्रेन चारच्या जिन्याला लटकवली.

"हे काय?"

"क्रेनमध्ये दोष आहे."

"क्रेन ठणठणीत आहे! दोष माणसात आहे!"

"रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय साहेब. यंत्राचा दात उघडा असेल तर आपण दातावर झाकण घालतो, कामगाराचा हात कापून ठेवत नाही. हा दात वर आहे. मी आत्ता बघून आले."

"जहाज उभं आहे, मॅडम!"

"उभं राहू दे. पाटी मी लावलीय, मीच काढेन. नियम तुमच्याच भिंतीवर लावलाय, वाचून घ्या."

घारला तोवर त्याच्या बायकोला बोलावून तिच्या हवाली केलं होतं. मी स्वतः दोघांना दवाखान्यात सोडून आले. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आणलंत. पाटी अजून लटकते आहे. माझी नोकरी राहते की जाते ते सोमवारी कळेल. शुक्रवार उलटून गेला, सही केलेली नाही. तुझं कार्ड खणातून काढून पर्समध्ये ठेवलंय.

ताई


२० मे

धाकट्या,

नोकरी राहिली. त्यात माझ्या हुशारीचा भाग थोडा आणि उभ्या जहाजाचा जास्त. जहाज उभं राहिलं की मुख्य कचेरीतले फोन खणखणायला लागतात. तिथून एक गृहस्थ आले, चकचकीत बूट घालून. मला समजवायला लागले. मी म्हटलं, समजावण्याआधी एकदा वर जाऊन या. सभ्य माणूस असावा, गेला. खाली आला तेव्हा घाम पुसत पहिलं वाक्य बोलला, "तो पडदा आधी बंद करा." तुझा टोमणा मी आता सगळ्यांवर वापरते.

पडदा गेला. लवकरेनं आता फक्त काय कुठे ठेवायचं तेवढंच बोलायचं. मला वाटलं तो चिडेल. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "मला काय हौस होती का ताई? मला वरच्या साहेबांकडून दर थोड्या वेळानं फोन यायचा, चार मागे का?" म्हणजे हाकणाऱ्यालाही कोणीतरी हाकत होतं. त्या फोनचीही नोंद केलीय. एका क्रेनला आता दोन माणसं आहेत, अर्धी पाळी एक, अर्धी दुसरा. जेवण खाली उतरूनच. तक्रारीविना दिवसांचा फलक मी स्वतः उतरवला. स्टीलच्या बाटल्या सगळ्यांना वाटल्या, लवकरेलासुद्धा.

आणि एक नवा नियम. आजवर थांबायचा हात फक्त खालून वर होत होता, वरच्याला थांब म्हणायची सोयच नव्हती. आता क्रेनवाल्यानं एक लांब भोंगा दिला की हातातलं काम ठेवून खाली यायचं आणि जोडीदारानं वर जायचं. कारण विचारायचं नाही. आणि जो खाली येईल तो परत वर जाईल. लागलं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं, वेळ घेऊन, पण जाईल. हे शेवटचं कागदावर घेताना साहेबांशी सगळ्यात मोठं भांडण झालं. ते म्हणाले, मग सगळेच उठसूट भोंगे वाजवतील.

कोणीच वाजवला नाही. दिवसामागून दिवस गेले. मी म्हटलं, गेलं सगळं पाण्यात. मग एका दुपारी वाजला, आणि तो क्रेन दोनचा. तोफखाना खाली आला, कँटीनच्या मागे जाऊन बसला, चहा प्याला. अख्ख्या गोदीनं जीभ चावून धरली होती, मीसुद्धा. पुढे त्यानंच मला काय ते सांगितलं. ते मी तुला सांगणार नाही.

घार औषध घेतोय. मधले दिवस खाली नोंदणीला बसवला होता, तेव्हा त्याला पुन्हा कुरकुर सुटली: खुर्ची कडक, चहा पांचट, कारकुनाचं अक्षर कोंबडीचे पाय. मी ऐकून इतकी सुखावले की कारकुनालाच रागावले. परवा तो डॉक्टरांचा कागद घेऊन आला आणि वर गेला, अर्धी पाळी. त्याची बायको फाटकाशी उभी होती. दुपारी तो उतरला, तिच्याशेजारी बसला आणि डबा संपवला. मी खिडकीतून बघत होते.

आता तुझं. तुला उतरवलं ते बरोबर होतं, ही ओळ मी खोडत नाही. पण तिच्याखाली एक ओळ लिहायची राहिली होती. पाटी क्रेनला लावायची ती तुला लावली, आणि लावली ती कधी काढलीच नाही. हे चुकलं.

क्रेन चारला जोडीदार हवा आहे. नाव मी सुचवलं नाही, घारनं सुचवलं. डॉक्टर तपासतील, सुरुवातीला घार बरोबर बसेल, पुढचं पुढे. यायचं नसेल तर नको येऊस. सायकलींची दुनिया काही वाईट नाही, आणि तुझी बायको तिथे सुखात आहे असं तीच मला सांगते, तू आंघोळीला गेलेला असतोस तेव्हा.

थांबायचा हात कोणीही करावा, तो मी केला होता. उचलायचा हात मात्र समोर उभं राहून, क्रेनवाल्याला दिसेल असा करावा लागतो. घारनं मला तो शिकवलाय: कोपर वाकवायचं, पहिलं बोट वर, मग हळू गोल फिरवायचं. पत्रातून तो दिसणार नाही. पण आता हे संपवून पेन खाली ठेवणार आहे आणि इथेच टेबलाशी एकटीच करणार आहे. कोणी बघितलं तर म्हणेल, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणू दे. आता त्याचीही नोंद ठेवायचं काम माझ्याकडेच आहे.

तुझी,
ताई

ता. क. उत्तर एका ओळीचं चालेल. टोमणा असला तरी चालेल.